बंड करू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहार्य सूचना

आपल्याला एखाद्या साम्राज्याविरुद्ध बंड पुकारायचे असेल, तर सर्वप्रथम एक गैरसमज मनातून काढून टाकावा. बंडासाठी पाठीवर आसूडाचे वळ आणि पोटात भुकेची आग असावी लागते, अशी समजूत उगाचच रूढ आहे. उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. तेथील गोऱ्या शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला इंग्लंडमधील माणसापेक्षा कितीतरी कमी कर भरावा लागे आणि स्वतःच्या मालकीची जमीन असण्याची शक्यताही त्याच्या बाबतीत अधिक असे. तेव्हा आधी सुखवस्तू व्हावे, म्हणजे तत्त्वासाठी भांडायला सवड मिळते.

त्यानंतर आपल्या सरकारकडून आपल्या शत्रूचा बंदोबस्त करून घ्यावा. कॅनडात फ्रेंच होते तोवर वसाहतवाल्यांना इंग्रज शिपाई हवाहवासा वाटत असे. १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रेंच तेथून गेले आणि गरज सरताच वैद्याचे काय होते, हे लंडनला लवकरच कळले. फ्रेंचांशी झालेल्या या युद्धापायी ब्रिटनचे सरकारी कर्ज ७ कोटी पौंडांच्या घरातून १३ कोटींच्या आसपास पोहोचले होते, शिवाय सुमारे दहा हजार सैनिक अमेरिकेत ठेवण्याचे ठरले होते. या खर्चाचा थोडासा वाटा वसाहतींनी उचलावा, असे मंत्र्यांना वाटले. त्याच वर्षी राजाने जाहीरनामा काढून ॲपलेशियन डोंगरांपलीकडची जमीन मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवली. अशा प्रसंगी जॉर्ज वॉशिंग्टन यांचा कित्ता गिरवावा. हा जाहीरनामा तात्पुरता आहे असे मानून त्यांनी १७६७ मध्ये आपल्या ओळखीच्या मोजणीदाराला पलीकडच्या चांगल्या जमिनी गुपचूप हेरून ठेवण्यास कळवले होते.

कर वाढला की माणसे चिडतात, हे तर शाळकरी पोरही सांगेल. खरे कौशल्य कर कमी झाल्यावर चिडण्यात आहे. रम गाळण्यासाठी बाहेरून येणाऱ्या मळीवर गॅलनमागे ६ पेन्स जकात होती, आणि ती कोणी भरत नसल्यामुळे तिच्याविषयी फारशी तक्रारही नव्हती. कस्टमच्या माणसाचा हात ओला केला की काम भागत असे. १७६४ मध्ये सरकारने ही जकात निम्म्यावर आणून ३ पेन्स केली, मात्र ती खरोखर वसूल करण्याचा उद्धट विचारही जाहीर केला. एवढ्यावरून आपल्या लक्षात यावे की न भरायचा मोठा कर हा भरावयाच्या लहान करापेक्षा केव्हाही सुसह्य असतो.

पुढच्या वर्षी पार्लमेंटने मुद्रांक कायदा करून वर्तमानपत्रे, न्यायालयीन कागदपत्रे, परवाने, फार काय पत्त्यांचे जोड आणि फाशांवरही मुद्रांक लावला. एका फटक्यात छापखानेवाले, वकील आणि गुत्त्यात पत्ते कुटणारे दुखावले गेले. लिहिणारे, बोलणारे आणि रिकामपणी ऐकणारे एकत्र आल्यावर आणखी काय हवे? आपल्या सरकारला असा कर सुचत नसेल, तर आपण थोडे थांबावे. तो सुचतोच.

आता तत्त्वाचा प्रश्न. ‘आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर नाही’ हे इंग्रजांकडूनच शिकलेले तत्त्व वसाहतींनी इंग्रजांना ऐकवले. त्यावर लंडनहून उत्तर आले की मँचेस्टरसारख्या मोठ्या शहराचाही पार्लमेंटमध्ये स्वतंत्र प्रतिनिधी नाही, तरी सगळ्या प्रजेचे प्रतिनिधित्व तेथे आपोआप होतच असते. (ओल्ड सॅरम या जवळजवळ ओसाड जागेचे मात्र दोन सभासद त्या सभागृहात बसत.) मँचेस्टरला प्रतिनिधी नसेल तर तो असायला हवा, असे बोस्टनच्या जेम्स ओटिस यांनी बजावले. माझ्या मते सगळा वाद येथेच संपायला हवा होता, कारण याला उत्तर नव्हते. पण उत्तर नसलेले सरकार गप्प बसत नाही, ते कायदा करते. १७६६ मध्ये मुद्रांक कायदा मागे घेताना पार्लमेंटने सोबत दुसरा कायदा मंजूर केला, की वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून घेण्याचा आपला अधिकार अबाधित आहे. पैसे परत देऊन अपमान ठेवून घेण्याची ही रीत १७७० मध्ये पुन्हा वापरण्यात आली. मधल्या काळात काच, कागद, रंग आणि शिसे यांवर बसवलेली जकात उठवली, आणि चहावरची तेवढी अधिकाराची खूण म्हणून ठेवली. आपण बंडासाठी सरकार निवडणार असाल, तर असेच निवडावे.

पुढाऱ्याची निवडही डोळसपणे करावी. बोस्टनचे धनाढ्य व्यापारी जॉन हॅनकॉक यांचे एक गलबत जकात चुकवून दारू उतरवल्याच्या आरोपावरून १७६८ मध्ये जप्त झाले, तेव्हा शहरात दंगल उसळली आणि कस्टमचे अधिकारी जीव मुठीत धरून पळाले. गलबताचे नाव ‘लिबर्टी’ (स्वातंत्र्य) होते. नाव ठेवताना पुढचा विचार करावा, तो असा.

चहाची कथा तर आपल्या ओळखीच्या माणसांची आहे. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालचा महसूल हाती घेतला, १७७० च्या दुष्काळात तेथे माणसे किड्यामुंगीसारखी मेली, आणि तरीही कंपनी कर्जबाजारी झाली. लंडनच्या वखारींत तिचा चिनी चहा पडून होता. तो खपावा म्हणून १७७३ च्या कायद्याने कंपनीला तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा मिळाली, इंग्लंडमधील जकात माफ झाली, आणि पौंडामागे ३ पेन्सांची ती खूण जकात मात्र राहिली. चहा स्वस्त होणार होता. पण त्यामुळे चोरटा डच चहा विकणाऱ्यांचा धंदा बसणार होता, विक्रीची मक्तेदारी कंपनीने नेमलेल्या मोजक्या आडत्यांकडे जाणार होती, आणि बोस्टनच्या आडत्यांत खुद्द गव्हर्नरची दोन मुले होती. शिवाय तो स्वस्त चहा एकदा घशाखाली उतरला की त्याबरोबर पार्लमेंटचा अधिकारही उतरला असता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनमधील काही मंडळींनी बंदरातल्या गलबतांवरून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. ज्याने चहा खिशात भरला, त्याचे कपडे ओढून त्याला हाकलण्यात आले, कारण तत्त्वासाठी नासधूस चालते, चोरी चालत नाही. ही मंडळी मोहॉक इंडियनांच्या (तेथील मूळ रहिवाशांच्या एका जमातीच्या) वेषात आली होती. अडीच वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात त्याच इंडियनांचा उल्लेख निर्दय रानटी असा झाला, पण तोवर वेष उतरवलेला होता.

लंडनने रागाच्या भरात बोस्टन बंदरच बंद केले, बोस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली आणि बाकीच्या वसाहतींना एकत्र येण्याचे कारण घरपोच पाठवले. फिलाडेल्फियात भरलेली वसाहतींच्या प्रतिनिधींची काँग्रेस, लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैनिकांशी झडलेल्या गोळ्या, राजाने न स्वीकारलेला समेटाचा अर्ज, हे सारे मग ओघानेच आले. ज्या शेजाऱ्याला आपले म्हणणे पटत नसेल, त्याला गरम डांबर फासून वर पिसे चिकटवावीत. राजनिष्ठांपैकी सुमारे ६०,००० लोक अखेरीस देश सोडून गेले, म्हणजे ही पद्धत अगदीच निरुपयोगी नव्हे.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिताना भाषा उंच ठेवावी. सर्व माणसे समान आहेत असे लिहावे आणि लिहिणाऱ्याकडे शंभराहून अधिक गुलाम असावेत. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा, मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांचा परिच्छेद काँग्रेसने गाळला. उलट १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने बंडखोरांचे जे गुलाम आपल्या बाजूने लढतील त्यांना मुक्त करण्याचे जाहीर केले, तेव्हा दक्षिणेतील कित्येक डळमळीत मालकांना आपण कशासाठी लढायचे ते एकदम स्पष्ट दिसले. बाकी करांचे म्हणाल, तर राजावरच्या सत्तावीस तक्रारींच्या यादीत त्यांना एकच ओळ मिळाली आहे.

आणि विजय मिळाल्यावर आपले तत्त्व नीट सांभाळून ठेवावे. अमेरिकेच्या राजधानीत आज सुमारे सात लाख लोक राहतात. ते केंद्राचा कर भरतात, पण सिनेटमध्ये त्यांचा कोणी नाही आणि प्रतिनिधीगृहातील त्यांच्या प्रतिनिधीला कायद्यावर अंतिम मत देता येत नाही. २००० सालापासून त्यांच्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर ‘प्रतिनिधित्वाविना करआकारणी’ हे जुने गाऱ्हाणे छापून मिळते. पाट्या सरकारच देते.