खोटी बातमी, टिळक आणि वकिलाची फी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

बातमीदाराच्या पाठीशी वकिलाने उभं राहिलं पाहिजे, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया कडक आहे आणि मनापासून लिहिलेली आहे. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सवडीने लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं सांगतो. वकील पैसे घेऊन कुणाचीही बाजू मांडतो, त्याला वृत्तपत्रस्वातंत्र्याचा राखणदार कशाला म्हणायचं? खोटं छापणाऱ्याला कुणी कोर्टात खेचलं तर बिघडलं कुठे? वकील धावून जातात तेही आपल्या विचारांचा पत्रकार बघून. आणि १९०८ साली टिळकांनी वकील न घेता स्वतःचा खटला स्वतः चालवला, मग खऱ्या पत्रकाराला वकील लागतोच कशाला? शेवटी तुम्ही विचारलंत, लेखातल्या त्या बातमीदाराकडून फी किती घेतली ते लिहा.

त्याआधी तुम्ही तुमचा अनुभव सांगितलात. तुम्ही मुख्याध्यापक असताना एका स्थानिक साप्ताहिकाने शालेय पोषण आहाराचा तांदूळ तुम्ही विकला असं छापलं. चौकशी झाली, तुम्ही निर्दोष ठरलात, पण त्याची एक ओळही त्या साप्ताहिकात आली नाही. बाजारात लोक बघून कुजबुजायचे, हे तुम्ही लिहिलेलं वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. सर, तुमचा राग रास्त आहे. त्या दिवसांत तुम्ही माझ्याकडे आला असता तर मी तुमचं वकीलपत्र घेतलं असतं आणि त्या साप्ताहिकाला आधी खुलासा छापण्याची नोटीस दिली असती. नसता छापला तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार आणि दिवाणी दावा, दोन्ही केलं असतं. पत्रकाराची बाजू घेणं म्हणजे त्याच्या खोट्याची बाजू घेणं, असं मी कधी मानलं नाही.

पण तुमची नोटीस आणि माझ्या अशिलाला आलेली नोटीस एका मापाने मोजू नका.

लेखात मी थोडक्यात लिहिलं होतं, आता सविस्तर सांगतो. आमच्या तालुक्यातला हा मुलगा एका दैनिकाला बातम्या देतो, पगारावर नाही, छापून येईल त्या बातमीचं मानधन. पाझर तलावाचं बिल पूर्ण निघालं आणि काम अर्धवट आहे, अशी त्याची बातमी आली. चौथ्या दिवशी ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस आली: पंधरा दिवसांत बिनशर्त माफी मागा, नाहीतर पन्नास लाखांचा दावा. दैनिकाने सांगितलं, हा आमचा कर्मचारी नाही. संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा त्या नोटिशीची घडी इतक्यांदा उघडून पुन्हा घातलेली होती की मधल्या रेषेवर कागद फाटायला आला होता. घरी बायकोला सांगितलं नव्हतं.

मी पहिलं विचारलं, कागद काय आहेत? त्याने कापडी पिशवीतून एकेक बाहेर काढलं. माहिती अधिकारात मिळालेली मोजमाप पुस्तिकेची नक्कल, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, आणि तलावाच्या भरावावर स्वतः टेप धरून काढलेले फोटो. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही बातमीतली ओळन् ओळ कागदाशी ताडून पाहिली. एक चूक सापडली. अंदाजपत्रकातली रक्कम त्याने मंजूर रक्कम म्हणून दिली होती. मी म्हटलं, ही दुरुस्ती लगेच पाठव. दोन दिवसांनी ती छापून आली. बाकीच्या बातमीत एक काना-मात्रा बदललेली नाही, कारण बदलण्यासारखं काही नव्हतं. तुमच्याबाबतीत जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, ते इथे वकिलामुळे झालं, एवढं कृपा करून लक्षात घ्या.

दावा काही आला नाही. आली फौजदारी फिर्याद, आणि तीही दोनशे किलोमीटरवरच्या कोर्टात, कारण दैनिकाचा अंक तिथेही जातो. बदनामी हा आपल्याकडे अजून गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ५०० होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हा गुन्हा घटनाबाह्य नाही असं सांगितलं, त्यामुळे तो राहणार. त्यात बातमी खरी आहे एवढं म्हणून भागत नाही, ती लोकहिताची होती हेही दाखवावं लागतं.

आजवर अकरा तारखा झाल्या. पहाटे पाचची एसटी, कोर्टाबाहेरच्या बाकावर पुकारा होईपर्यंत बसायचं, मग कळतं साहेब रजेवर आहेत किंवा फिर्यादीने मुदत मागितली आहे. फिर्यादी स्वतः दोनदा आला. आमचा मुलगा अकराच्या अकरा वेळा गेला असता, पण गैरहजेरी माफीचे अर्ज देऊन मी त्याच्या पाच फेऱ्या वाचवल्या. ज्या दिवशी तो जातो त्या दिवशीची बातमी बुडते आणि मानधनही बुडतं. ठेकेदाराला निकालाची घाई नाही. त्याला जे हवंय ते दर तारखेला मिळतंय: त्या पाझर तलावानंतर आमच्या तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही कामाची बातमी कुठल्याच पेपरात आलेली नाही. याला तुम्ही खोट्याचा जाब विचारणं म्हणाल का? आरोपी कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर त्याला बोलावण्याआधी दंडाधिकाऱ्याने चौकशी करणं कायद्याने सक्तीचं आहे. इथे ती झालेली नाही. आमचा पहिला मुद्दा तोच आहे.

आता टिळक. तुम्ही १९०८ घेतलंत, मी १८८२ पासून सुरू करतो, कारण तुमच्या ‘खोट्या बातमी’च्या मुद्द्याचं उत्तर तिथेच आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने लिहिलं. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांना अब्रूनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. चूक झाली होती, शिक्षा भोगली. पण त्या काळात त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन राहिले ते रामशेठ उरवणे, जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. फुले आणि टिळक यांची मतं किती जुळत होती हे तुम्ही शाळेत शिकवलं असेल, मी सांगायला नको. तरीही जामीन राहिले. ‘केसरी’ला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. ते वर्तमानपत्र तिथेच मिटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढे १८९७. टिळकांवरचा राजद्रोहाचा पहिला खटला. दंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला, उच्च न्यायालयानेही आधी नाकारला. मग बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला आणि टिळक बाहेर आले. खटल्यासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर पगसाहेबांना आणलं, त्यासाठी बंगालमध्ये वर्गणी जमली. नऊ ज्यूरर होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी माणसांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. वकील हरले. पण बचाव करायला आणि पुढच्या अंकांची सोय लावायला टिळकांना जे दिवस मिळाले, ते त्या जामिनामुळे मिळाले.

अकरा वर्षांनी तेच दावर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि टिळकांचा १९०८ चा खटला त्यांच्याचपुढे आला. जामिनाचा अर्ज घेऊन उभे होते बॅरिस्टर जिना. वकील म्हणून ज्या कारणांवर दावरांनी जामीन मिळवला होता, त्याच जातीची कारणं न्यायाधीश म्हणून त्यांनी फेटाळली. हा प्रसंग मी नव्या वकिलांना नेहमी सांगतो. मागच्या वेळी कोण आपल्या बाजूने होतं यावर विसंबून चालत नाही, दर वेळी नव्याने उभं राहावं लागतं.

टिळकांनी पुढे स्वतःच बाजू मांडली हे खरं, एकवीस तासांहून जास्त ते बोलले. पण सर, ते कायद्याचे पदवीधर होते, पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्ग चालवला होता आणि मदतीला बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा होते. त्यांनी सरकारी भाषांतरावर घेतलेली उलटतपासणी तर दर वकिलाने वाचावी. खटल्यातला ‘देशाचे दुर्दैव’ हा लेख मराठी, पण ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. शिक्षा ठरणार होती इंग्रजी भाषांतरावर. एकेका मराठी शब्दाचा इंग्रजी अर्थ कसा चुकला हे ते दाखवत राहिले. सात विरुद्ध दोन असा कौल पडला, सहा वर्षं मंडाले. आमच्या पाझर तलावाच्या बातमीदाराला कायद्याचा वर्ग चालवता येत नाही. त्याच्यासाठी तेच काम दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. आणि १९१६ साली, भाषणांबद्दल वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी, मागितला गेला, तेव्हा टिळकांनी स्वतः युक्तिवाद केला नाही. जिना, बॅप्टिस्टा आणि एरुलकर उभे राहिले आणि उच्च न्यायालयात जिंकले.

वकील आपल्या विचारांचा पत्रकार बघूनच जातात, हा तुमचा आरोप काही जणांना लागू आहे, नाकारत नाही. पण कायदा तसा वाढलेला नाही. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक डाव्या ‘क्रॉस रोड्स’चा, ज्याच्या अंकांना मद्रास सरकारने बंदी घातली होती. दुसरा संघविचाराच्या ‘ऑर्गनायझर’चा, ज्याला दिल्लीत छापण्याआधी मजकूर तपासून घ्यायची सक्ती झाली होती. दोघेही जिंकले, आणि ‘ऑर्गनायझर’ जिंकला तो ‘क्रॉस रोड्स’च्या निकालाच्या आधाराने. अगदी अलीकडचं पाहा. एकाच कार्यक्रमाबद्दल गावोगाव गुन्हे दाखल झाले म्हणून अर्णब गोस्वामी २०२० साली न्यायालयात गेले. एकाच गोष्टीबद्दल ठिकठिकाणी गुन्हे चालवता येत नाहीत, हे त्यांच्या प्रकरणात जे ठरलं ते २०२२ मध्ये बातम्यांची खातरजमा करणारे पत्रकार मोहम्मद झुबेर यांच्या कामी आलं. त्या दोघांना एका टेबलावर चहाला बसवणं कठीण. झुबेर यांना ट्वीट करायला मनाई करा, असं सरकार पक्ष म्हणाला तेव्हा न्यायमूर्ती चंद्रचूड म्हणाले, वकिलाला युक्तिवाद करू नको म्हणण्यासारखं हे आहे, पत्रकाराला लिहू नको असं कसं सांगणार? माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत या दोन पेशांचं नातं इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

आपल्या पुण्याचंच उदाहरण राहून गेलं. वर्तमानपत्राने किती किमतीत किती पानं द्यायची हे सरकार ठरवणार, असा हुकूम १९६० साली निघाला. परुळेकरांचा ‘सकाळ’ सात नव्या पैशांना मिळायचा. हुकमाप्रमाणे एक तर किंमत वाढवायची नाहीतर पानं कमी करायची. कुणाला अटक नाही, कुणाच्या लेखावर बंदी नाही. तरी ‘सकाळ’ न्यायालयात गेला, त्याच्याबरोबर वाचकही याचिका घेऊन गेले, आणि न्यायमूर्ती मुधोळकरांनी निकालात लिहिलं की किती लोकांपर्यंत पोचायचं हाही लिहिण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. पानांचा आणि पैशांचा हिशेब कोर्टाला समजावून देणं हेही वकिलाचंच काम होतं.

आणि वकील वेळेवर नसला की काय होतं ते ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाच्या प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात दिसलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अटक झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास त्यांना न्यायाधीशापुढे उभं करून कोठडी घेण्यात आली, आणि त्यांच्या स्वतःच्या वकिलाला कळवलं गेलं ते कोठडीचा हुकूम झाल्यावर. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अटकच बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं लेखी दिली नव्हती. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, यात मी शिरत नाही. पण मधले सात महिने कुणी परत देत नाही. पहाटे सहाला त्या खोलीत त्यांचा वकील उभा असता, तर हा मुद्दा त्याच दिवशी नोंदीवर आला असता. म्हणून आमच्या भागातल्या बातमीदारांना मी माझा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवायला सांगितला आहे. मोबाइल सगळ्यात आधी जप्त होतो.

राहिली फी. वकीलपत्राचं तिकीट, टायपिंग, नकलांचा खर्च आणि माझं एसटीचं भाडं तो मुलगा देतो. मी देऊ नको म्हटलं होतं, त्याने ऐकलं नाही. युक्तिवादाची फी घेतलेली नाही आणि घेणार नाही. बाकी अशिलांकडून मी फी घेतो, तुमच्याकडूनही घेतली असती, कारण तुम्हाला पगार होता.

पुढची तारीख येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. तुमचं गाव त्या कोर्टापासून तासाभराच्या अंतरावर आहे असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटलं. सवड असेल तर या. पुकारा बाराच्या आत होत नाही, आम्ही आवारातल्या लिंबाखाली बसलेले असतो. तुमच्या त्या साप्ताहिकाचा अंक जपून ठेवला असेल तर सोबत आणा, मला तो वाचायचा आहे.