महाभारत काढायचंय? मग एवढं कराच

पौराणिक मालिका काढायचं मनात असेल तर उशीर करू नका. एक महाल, पोतंभर खोटे दागिने आणि पोथीला कधी हात न लावलेला लेखक, एवढ्या भांडवलावर चार वर्षं निघतात.

आधी सगळ्या देवांना जिममध्ये पाठवा. चौदा वर्षं कंदमुळांवर काढलेल्या रामाच्या पोटावर सहा वळ्या मोजता आल्या पाहिजेत. वनात त्याची रोज दाढी कोण करतं, हे कुणी विचारत नाही.

नात्यापुढं 'श्री' लावा. पिताश्री, माताश्री, भ्राताश्री. झाली संस्कृती.

कुणी काही बोललं की दरबारातल्या प्रत्येकाच्या तोंडावर तीनदा कॅमेरा न्या आणि वीज कडाडू द्या. तेवढ्यात एक भाग उरकतो.

'विविध ग्रंथांवर आधारित' ही पाटी डोळा लवायच्या आत काढून घ्या.

आणि मुख्य म्हणजे युद्धाचं खापर बाईवर फोडा. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला की द्रौपदीला सज्जात आणा, खिदळू द्या आणि तिच्या तोंडी घाला, 'आंधळ्याचं पोर आंधळंच!' हे फार चालतं. इतकं चालतं की मागच्या पंधरवड्यात परभणीकडच्या एका शाळेच्या गॅदरिंगला मी परीक्षक होतो, तिथं सातवीतल्या पोरीनं हेच वाक्य हिंदीतून फेकलं. आईचा शालू सेफ्टी पिनांनी आवळलेला, कमरेवर हात, आणि मंडप शिट्ट्यांनी दणाणला. मी दोन गुण कापले. खाली उतरलो तर तिचे वडील समोर. "सर, तुमी टीव्ही बघत न्हाईत का? लेकरानं एवढं पाठ केलं अन् तुमी चूक म्हनताव?"

बघतो की टीव्ही. पण सभापर्वही वाचलंय. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १,२५९ हस्तलिखितं ताडून १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली. तिच्यात हे वाक्य नाही. दुर्योधन पडला तेव्हा हसले भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदीही बायकांसोबत हसली, असं दुर्योधन नंतर बापाजवळ रडगाणं गातो, तेवढंच. आंधळा हा शब्द तिनं कुठं काढला? आणि जे ती खरंच बोलली ते कुठं गेलं? धर्मराज तिला द्यूतात हरल्यावर दरबारात बोलवायला आलेल्या माणसाला तिनं उलट्या पावली पाठवलं, की आधी विचारून ये, राजा आधी स्वतःला हरला का मला? भीष्मासारखा भीष्म 'धर्म सूक्ष्म आहे' म्हणत घोटाळला. तिच्या बाजूनं उठला तो विकर्ण, कौरवांतलाच. हा सवाल कुठल्या पोरीला पाठ आहे सांगा. नाही, कारण मालिकेत तोवर ती रडतीय, पदर उडतोय आणि मागं बासरी.

आता 'सर, कलेचं स्वातंत्र्य' हे मला सांगू नका. पैठणला नाथांनी भारुडात काय काय सोंगं घेतली! पण ते सोंग आहे हे बघणाऱ्याला कळत होतं. इथं सोंगच मूळ ग्रंथ म्हणून खपतंय.

आणि मालिकावाल्यांचं काय घेऊन बसलात, त्यांचा धंदा आहे तो. तुमचं काय? घरात आजोबांची पांडवप्रतापाची पोथी लाल फडक्यात बांधलेली आहे, तिला दसऱ्याला हळदकुंकू वाहता, फडकं मात्र सोडत नाही. गाठ आवळून दगड झालीय. लेकरू 'द्रौपदी काय म्हणाली हो?' विचारायला आलं की हातात मोबाईल देता, वर धर्म बुडाला म्हणून गट भरून निरोप पाठवता! त्या पोरीचे दोन गुण गेले, ते तिच्या बापाचे कापायला हवे होते. पुढच्या वर्षी मला परीक्षक म्हणून बोलवू नका. आणि बोलावलंच तर आधी ती गाठ सोडून ठेवा.