गाता येणं आणि गायला शिकवता येणं

शाळेत संगीताचे तास वाढवा, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्या तासाला मुलांसमोर कोण उभं राहणार आणि त्याची तयारी कुणी करून घेतली, हे विचारणारे फार थोडे. मी संगीत शिकवते, शिक्षकांच्या कार्यशाळाही घेते. माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय: तास वाढवण्याआधी शिक्षकाचा कान तयार करा.

स्वतःचा सूर ओळखणारा कान बहुतेक संगीतशिक्षकांकडे असतोच. पण पन्नास मुलं एकत्र गात असताना तिसऱ्या रांगेतला मुलगा नेमका कुठे अडतोय, हे ऐकू येणं वेगळं. ते शिकवावं लागतं, आणि ते शिकवलंच जात नाही.

मूल सुरात लागत नाही, याची कारणं अनेक असतात. कधी गाणं शिक्षकाच्या सोयीच्या पट्टीत असतं, मुलांच्या नव्हे. शिक्षक पुरुष असेल तर त्याचा आवाज मुलांपेक्षा एक सप्तक खाली. सात वर्षांच्या मुलाने तोच स्वर वरच्या सप्तकात आपला आपण शोधायचा असतो. काही मुलांना बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज यातला फरकच अजून सापडलेला नसतो, ती शब्द तालात मोठ्याने म्हणतात. काहींना ऐकू नीट येतं, गळा वळत नाही. उपाय प्रत्येकाचा निराळा: पट्टी बदलणं, आवाज खालून वर सरकवत नेण्याचे खेळ, नीट लागणाऱ्या मुलाशेजारी बसवून हळू आवाजात गाऊन घेणं. स्वरांतला फरक जन्मतःच ओळखता येत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. "तू नुसते ओठ हलव" असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यातली बहुतेक त्या थोड्यांतली नव्हतीच. त्या एका वाक्याने माणूस आयुष्यभर गायचा थांबतो, याचा मला फार राग येतो.

पेटीबद्दलही बोलायला हवं. शिक्षक जोरात पेटी वाजवतो, मुलं तिच्यावर ओरडतात, आणि कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येत नाही. प्रशिक्षणात प्रत्येकाला निदान एक गाणं वाद्याशिवाय शिकवायला लावलं पाहिजे.

आता परीक्षा. शुद्ध स्वर किती, तालाच्या मात्रा किती, असे प्रश्न लिहून सोडवता येतात आणि तपासायला सोपे जातात, म्हणून ते विचारले जातात. एकही सूर न लावता मूल त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवू शकतं. "एवढ्या मुलांचं एकेकाचं ऐकणार कधी?" हा शिक्षकांचा प्रश्न मात्र खरा आहे. त्याला उत्तर आहे: हजेरी गाऊन घ्या. शिक्षकाने मुलाचं नाव पंचम-गंधारावर म्हणायचं, मुलाने त्याच दोन स्वरांत "हजर" म्हणायचं. लहान मुलांना ही जोडी चटकन सापडते. काही मिनिटांत सगळा वर्ग एकेकटा ऐकून होतो, परीक्षेची भीती नाही, आणि वहीत एक खूण करायला वेळ पुरतो. शिवाय वर्षातून दोन-तीनदा प्रत्येकाचं अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर ठेवावं. जूनमधला आवाज आणि मार्चमधला आवाज पालकांना शेजारी शेजारी ऐकवला, की श्रेणीचं अक्षर फिकं वाटतं. मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या आवाजाशी व्हावी, वर्गातल्या सर्वांत गोड गळ्याशी नव्हे.

यातलं काही नवं नाही. एमिल जाक-दालक्रोझ १८९२पासून जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवत होते. विद्यार्थी सफाईने वाजवतात पण लय त्यांच्या अंगात नाही, हे त्यांनी ओळखलं आणि चालण्या-हलण्यातून लय शिकवायची पद्धत घडवली. सुरुवात कशातून झाली? विद्यार्थ्याचं नीट निरीक्षण करण्यातून. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी रचनाकार म्हणून मोठं नाव असताना शाळेतल्या गाण्याच्या शिक्षकाला महत्त्व दिलं, मुलांसाठी गाणी आणि स्वराभ्यास लिहिले. १९५०मध्ये केच्केमेत या शहरात हंगेरीतली पहिली संगीत-प्राथमिक शाळा उभी राहिली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा शिकवणारे तयार करण्यासाठी उपदेशकांचा वर्गही चालवला. गाणारा तयार झाला की शिकवणारा आपोआप तयार होतो, असं त्यांनी गृहीत धरलं नाही. आपण मात्र आजही तेच धरून चालतो.

म्हणून संगीतशिक्षकाच्या परीक्षेत मैफिलीसारखं गाऊन दाखवणं पुरेसं मानू नये. त्याला अनोळखी मुलांचा वर्ग द्यावा, वीस मिनिटं द्यावीत. मग विचारावं: कोण कुठे अडलं आणि उद्या तुम्ही काय कराल? नोकरी लागल्यावरही महिन्यातून एकदा दोन शिक्षकांनी एकमेकांचा तास बसून ऐकावा. पगारवाढीशी किंवा शेऱ्यांशी त्याचा संबंध नको, नाहीतर सगळे त्या दिवसापुरतं घोटलेलं गाणं म्हणून घेतील. मुख्याध्यापकांनी फक्त वेळापत्रकात तेवढी जागा करून द्यायची आहे.