लिव्हरच्या बोळात टेम्पो

तर झालं असं की पावसाळ्यात गाड्यावरची पाणीपुरी खाऊ नये हे अख्ख्या पुण्याला माहितीये, मलाही माहितीये, तरी मी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या एकाच खोलीत माझा मुक्काम. डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन 500 दिली, सकाळ-संध्याकाळ, 5 दिवस. पहिले दोन दिवस मी ती कपभर दुधाबरोबर घेतली, का तर ॲन्टिबायोटिकने पोटात आग पडते असं आमची आजी म्हणायची. पोटात ना आग पडली ना फरक पडला. डॉक्टरांना फोन केला तर ते उखडलेच. अहो, दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला धरून बसतं, मग ती रक्तात जाणार कशी? पाण्याबरोबर घ्या!

पाण्याबरोबर घेतली. एका दिवसात पोट थांबलं. आणि झोपही.

रात्री दोन वाजता मी कपाटातली जुनी लाइटबिलं तारखेप्रमाणे लावत बसलो होतो. बायकोने डोळे न उघडता विचारलं, "उंदीर आहे का?" म्हटलं, "मी आहे." छातीत नदीपात्रातल्या ढोलपथकाची प्रॅक्टिस चालू. मला वाटलं आता संपलं आपलं, विम्याची पॉलिसी पण काढून ठेवली, तीही तारखेप्रमाणे.

सकाळी भाचीला फोन लावला, ती बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

"मामा, दिवसाला चहा किती घेतोस?"

"सहा. अमृततुल्यचे, ते कप केवढेसे असतात तुला माहितीये."

"आणि घरचे?"

"घरचे कोण मोजतं?"

मग तिने जे सांगितलं ते असं. लिव्हरच्या पेशींत सायटोक्रोम पी 450 नावाची, औषधंबिषधं मोडून काढणाऱ्या एन्झाइम्सची फौज असते (450 म्हणजे नंबर नाही हं, कार्बन मोनॉक्साइड चिकटला की ती 450 नॅनोमीटरचा प्रकाश जास्त शोषतात म्हणून ते नाव, मला हे कशाला सांगितलं देव जाणे). त्यातला वन ए टू नावाचा एक जण चहातलं जवळजवळ सगळं कॅफिन एकटा निपटतो. एरवी साधारण पाच तासांत निम्मं कॅफिन संपतं. पण सिप्रो याच वन ए टूला अडवते. म्हणजे शनिवार पेठेतला बोळ डोळ्यांपुढे आणा, मधोमध सिलिंडरचा टेम्पो उभा, ड्रायव्हर गायब, आणि मागे माझे सहा अमृततुल्य प्लस घरचे हॉर्न वाजवत रांगेत. सकाळचा चहा संध्याकाळच्याच्या पुढे अडकलेला आणि दोघं मिळून माझ्या छातीत ढोल बडवतायत. दुधाबरोबर गोळी घेत होतो तेव्हा टेम्पो बोळात नीट शिरलाच नव्हता, म्हणून झोप लागत होती. पोट बिघडलेलं असताना मी घोरत होतो आणि बरं झाल्यावर जागा, हा कुठला न्याय!

सगळ्यात चीड आली ती समोरच्या काकांची. दिवसाला आठ चहा, वर सिगरेटी, आणि रात्री दहाला ढाराढूर. भाची म्हणाली, सिगरेटच्या धुराने लिव्हर वन ए टू जास्त बनवतं, त्यांचा बोळ चारपदरी आहे. निकोटिनने नाही, धुराने, म्हणजे तंबाखू मळून काही उपयोग नाही. "आणि मामा, सुरू करू नकोस." मी तसं काही विचारलं नव्हतं. मनात आलं होतं फक्त.

कोर्स संपेपर्यंत चहा बंद केला. डोकं ठणकलं, बायकोशी दोनदा भांडलो, पण झोप आली. शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांनी अमृततुल्यवर गेलो तर तो पोऱ्या म्हणाला, "काका, गावाला गेलावता का?"

परवा गणपतीची खरेदी करताना मंडईतून पपनस आणलं. सोलून तीन फोडी तोंडात टाकल्या तेवढ्यात भाची आली, हातातल्या सालाकडे बघून थांबली.

"मामा, तुझी कोलेस्टेरॉलची गोळी कुठली रे?"

"का?"

"पपनस आणि ग्रेपफ्रूट एकाच खानदानातली. तीही बोळ अडवतात, फक्त तिथे दुसरा एन्झाइम असतो, थ्री ए फोर..."

मी चौथी फोड खाली ठेवली आणि चष्मा शोधायला उठलो.