खुलासा : ‘५२५ पट’ दुर्बिणीचा मेसेज चुकीचा आहे

रत्नागिरी-गुहागरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘५२५ पट मोठं दाखवणारीच दुर्बीण घ्या, बायनॉक्युलरमधून गुरूचे चंद्र दिसत नाहीत.’ दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

दुर्बिणीची ताकद भिंगाच्या व्यासात असते. दर मिलिमीटरमागे साधारण २ पट, एवढंच वर्धन कामाचं. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला फार तर १२० पट. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण अंधूक. नवा तपशील काहीच दिसत नाही. मुलांचा हिरमोड इथेच होतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले ते जेमतेम २० पटींच्या दुर्बिणीतून. १०×५० (१० पट वर्धन, ५० मिलिमीटरचं भिंग) बायनॉक्युलरमधूनही ते दिसतात. कोपरं गडग्यावर टेकवा, हात हलता कामा नये. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे २५ अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छही त्यातून सापडतो. बहुतेक युरोपातून तो दिसतच नाही! दमट हवेने भिंगावर दव धरलं तर पुसू नका, सुकू द्या.

शनीच्या कड्यांसाठी मात्र दुर्बीणच हवी. तिथेही ४० पट पुरे.