पत्ता : धारावी, ४०००१७

कॉलेजात कुणी "राहतोस कुठे?" विचारलं की मी "सायन" सांगायचो. स्टेशन सायनचंच, त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं. पलीकडच्या बाजूची पोरं "माहीम" म्हणायची. लग्नाच्या बायोडेटावर तर धारावीत कुणीच राहत नसे.

परवा माझा पुतण्या छातीवर भलंमोठं '१७' छापलेला टी-शर्ट घालून आला. कसले १७? तर पिनकोड, ४०००१७. एमसी अल्ताफ या आमच्याच इथल्या रॅपर पोराच्या एका गाण्याचं नावच 'कोड मुंबई १७' आहे. जो आकडा आम्ही फॉर्मवर नाइलाजाने लिहायचो, तो ही पोरं विकत घेऊन अंगावर घालतात. हे रॅपने केलं. कुठल्या सरकारी योजनेने नाही.

"म्हणजे 'गल्ली बॉय'ने केलं" असं कुणी म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं. तो सिनेमा फेब्रुवारी २०१९ चा. ज्या दोन रॅपर्सवरून तो सुचला त्यातला नेझी कुर्ल्याचा, डिव्हाइन अंधेरीचा. सेव्हन बंटाईज आणि डोपाडेलिक्स या धारावीच्या रॅप ग्रुपांची पोरं त्या सिनेमाच्या आधीपासून इथे हिंदी, मराठी, तमिळ असं सगळं मिसळून गात होती; २०१८ च्या रजनीकांतच्या 'काला'त डोपाडेलिक्सचा आवाज आहे. आणि भाषांची ही भेळ स्टुडिओत बनलेली नाही. तिरुनेलवेलीहून आलेले तमिळ, कुंभारवाड्यातले सौराष्ट्राचे कुंभार, यूपीचे कारागीर, आमच्यासारखे घाटावरचे, सगळे एका नळावर भांडत मोठे झाले की हीच भाषा होते.

त्याच्याही मागे जायचं तर १९४४. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक. अण्णा भाऊंचा तेव्हाचा वावर आम्हाला लागूनच असलेल्या माटुंगा लेबर कॅम्पातला. डफ, तुणतुणं आणि गिरणी कामगारांची गर्दी. मी पुतण्याला म्हटलं, तुमचं रॅप बॅटल म्हणजे आमचा कलगी-तुऱ्याचा सवालजवाबच रे. तो म्हणाला, "काका, प्रत्येक गोष्ट तुमचीच कशी असते?" गप्प बसलो. बरोबर होतं त्याचं.

पण एक गोष्ट खटकते. कॅमेरेवाले येतात, भिंतीवरच्या ग्राफिटीसमोर पोरांना उभं करतात आणि "संगीताने धारावी बदलली" असं लिहून मोकळे होतात. नाव बदललं, मान्य. पण संडासाची रांग तीच आहे, पाण्याची वेळही तीच.

पुनर्विकासाच्या कागदावर १ जानेवारी २००० ही तारीख आहे. त्याआधीपासून तळमजल्यावर राहत असाल तर धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर. वरच्या माळ्यावरच्यांची आणि नंतर आलेल्यांची सोय धारावीबाहेर. आता गंमत बघा, रॅप करणारी बरीचशी पोरं २००० नंतर जन्मलेली आणि त्यातली कितीतरी माळ्यावर भाड्याने राहणारी. ज्यांनी धारावीचं नाव वर काढलं, त्यातल्या किती जणांच्या पत्त्यावर ४०००१७ उरणार?

मला पक्कं घर नको असं नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली बादल्या लावून ज्याने रात्र काढली आहे, तो असं म्हणणारच नाही. पण ही पोरं घरात गात नाहीत. दहा बाय दहात आई, आजी, शिलाई मशीन. ती गल्लीच्या तोंडाशी जमतात. एकजण तोंडाने बीट धरतो, दुसरा सुरू होतो, तिसरा चुकला की समोरची मावशी खिडकीतून हसते. चौदाव्या मजल्यावर लिफ्टसमोर हे करून बघा. सोसायटीची नोटीस येईल.

सर्वेवाले आमच्याही दारावर नंबर टाकून गेले. पुतण्याने तो नंबर जसाच्या तसा आपल्या नव्या गाण्यात घातलाय. मला त्याचा वेग झेपत नाही, निम्मे शब्द निसटतात. वहिनीने मात्र भाकऱ्या थापता थापता ते दोनदा लावायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा नंबर आला तेव्हा तीही त्याच्याबरोबर पुटपुटली.