मॅक विकायची घाई करू नका

"विंडोजचे गेम खेळायचे तर मॅक विकून टाका" हा तुमच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. मॅकवर विंडोज टाकू देणारं बूट कॅम्प फक्त इंटेल चिपच्या जुन्या मॅकवर चालतं, हे बरोबर. पण विंडोजचे प्रोग्राम मॅकवर चालवणाऱ्या क्रॉसओव्हरचं नावसुद्धा नाही? ते ज्या वाइन नावाच्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, त्याचं काम १९९३ पासून चालू आहे. गेम विंडोजकडे जे मागतो, ते वाइन मॅकला कळेल अशा रीतीनं पोचवतं, म्हणून विंडोज विकत घ्यावं लागत नाही. शिवाय ॲपलनं २०२३ मध्ये विंडोजचे गेम मॅकवर आणायला मदत करणारं गेम पोर्टिंग टूलकिट आणलं, त्यातल्या डी३डीमेटल या भागामुळे विंडोजच्या डायरेक्टएक्स १२ या ग्राफिक्स प्रणालीवरचे पुष्कळ गेम चालू लागले.

माझा भाचा फोंड्याला इंजिनिअरिंग शिकतो, त्याच्याकडे ॲपलच्या एम१ चिपची मॅकबुक एअर आहे, ८ जीबी मेमरीची. गणेशचवथीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा आम्ही दोघांनी बसून क्रॉसओव्हर टाकलं, आधी १४ दिवसांच्या मोफत मुदतीत. ग्राफिक्स बरेच खाली आणावे लागले, पण गेम नीट चालला. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता!

व्हॅलोरंट हा गेम मात्र विसरा, त्याचं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसतं, आणि इथे तर विंडोजच नसतं. आणि क्लाउड गेमिंग, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचा गेम नेटवरून खेळणं, सुचवताना आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं पावसाळ्यातलं नेट जरा लक्षात घ्या.